गुंगीचे रंग, शुद्धीवरचा हात

(दृश्यकलेवरील व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

मोटरसायकलच्या टाकीवरच्या रंगाबद्दल तासभर काय बोलणार, ही शंका काही चेहऱ्यांवर मला इथूनही दिसते आहे. शंका रास्त आहे. चित्राबद्दल बोलायचं तर आपल्याला कॅनव्हास लागतो, भिंत लागते, निदान कागद तरी लागतो. पेट्रोलची टाकी ही आपल्या लेखी चित्राची जागाच नाही. तिच्यावर कंपनीचं नाव असतं, आणि आपल्याकडे फार तर 'आईचा आशीर्वाद' असतो. (हशा)

पण अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९६० आणि १९७० च्या दशकांत या टाकीवर एक अख्खी चित्रशैली वाढली. झगझगीत रंग, वितळल्यासारखे आकार, माशाच्या खवल्यांसारख्या रांगा, लेसची जाळी, उन्हात ठिणग्यांसारखी चमकणारी कणी. या शैलीला 'सायकेडेलिक' म्हणतात. हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात ग्रीक धातूंवरून बनवला. अर्थ साधारण असा, की मनात दडलेलं उघड करणारं. तो एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी बनवला गेला, आणि मग संगीताला, कपड्यांना, पोस्टरांना आणि शेवटी गाड्यांच्या रंगालाही चिकटला.

आज ही शैली 'रेट्रो' म्हणून परत आलेली आहे. एखादा तरुण जुनी मोटरसायकल घेतो, रंगाऱ्याला फोनवरचं चित्र दाखवतो आणि म्हणतो, सत्तरच्या दशकातलं, सायकेडेलिक असं काहीतरी करून द्या. या 'काहीतरी'बद्दल आज मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या शैलीकडे आपण गुंगीतून आलेली शैली म्हणून बघतो. बघणाऱ्याचे डोळे ती गुंगवते, हे खरंच आहे. पण ती काढणाऱ्याला पूर्ण शुद्धीवर राहावं लागतं. आणि 'रेट्रो' म्हणून जे परत आलंय, त्यातलं बरंचसं त्या गुंगीची आठवण जपतं आणि हाताला विसरतं. त्यामुळे नुसती टाकी वाईट दिसते एवढंच होत नाही. आपण एक कला चुकीच्या माणसांच्या नावावर जमा करतो.

आधी टाकी, मग पोस्टर

पडद्यावर पहिलं चित्र बघा. सॅन फ्रान्सिस्को, १९६७. व्हिक्टर मोस्कोसोच्या 'निऑन रोझ' मालिकेतलं हे पोस्टर. लाल आणि निळा अगदी खेटून आहेत, आणि दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. त्यामुळे त्यांच्यामधली कडा डोळ्याला स्थिर ठेवता येत नाही. ती थरथरते. अक्षरं वाचायला वेळ लागतो, आणि तो लागावा अशीच योजना आहे.

सर्वसाधारण समज असा, की आधी ही पोस्टरं आली आणि मग त्यांची नक्षी गाड्यांवर उतरली. कागदपत्रं बघितली तर गोष्ट इतकी सरळ नाही. या पोस्टरवाल्यांमध्ये पाच नावं प्रमुख मानली जातात: वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली. यातल्या केलीचं आधीचं आयुष्य काय होतं? तो कनेक्टिकटमध्ये हेलिकॉप्टरच्या कारखान्यात वेल्डर होता. मोटरसायकली आणि हॉट रॉड यांच्या शर्यतींचं त्याला वेड होतं. आणि तो मोटरसायकलच्या टाक्यांवर पिनस्ट्रायपिंग करायचा, म्हणजे लांब केसांच्या ब्रशनं बारीक, एकसंध रेघा मारायचा. १९६४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. पोस्टरं त्यानंतरची.

स्टॅन्ली माउस डेट्रॉइटमध्ये वाढला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. पोरवयातच तो गाड्यांच्या प्रदर्शनांत एअरब्रशनं टी-शर्टांवर चित्रं काढून विकायचा. जीभ बाहेर काढलेले, डोळे वटारलेले राक्षस हॉट रॉड चालवताहेत, अशी ती चित्रं. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी स्वस्तात घेऊन, कापून-जोडून, इंजिन बदलून वेगवान केलेली. पुढे केली आणि माउस या जोडीनं ॲव्हलॉन बॉलरूममधल्या जलशांची पोस्टरं केली, आणि तीच आज संग्रहालयांत आहेत.

आणखी एक उदाहरण. लॉस एंजेलिसकडे केनेथ हॉवर्ड नावाचा रंगारी होता, 'व्हॉन डच' या नावानं प्रसिद्ध. वडील साइनबोर्ड रंगवायचे, म्हणजे ब्रश घरातलाच. १९५० च्या दशकात त्यानं गाड्यांवरच्या पिनस्ट्रायपिंगला वेगळं वळण दिलं. पंख असलेला उडता डोळा हे त्याचं चिन्ह. आणि रिक ग्रिफिननं १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमासाठी जे पोस्टर केलं, त्याच्या मधोमध काय आहे? पंखांचा डोळा. गॅरेजमधल्या माणसाला तो कुठून आला ते सांगावं लागत नाही.

अर्थात दुसरा झराही होता. विल्सननं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या अक्षरांवरून आपली अक्षरं घडवली. मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सकडे शिकलेला. रंग एकमेकांशेजारी आले की कसे बदलतात, यावर आल्बर्सनं आयुष्य घातलं. त्याचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' हे पुस्तक १९६३ चं. मोस्कोसोनं त्या वर्गात टाळायला शिकवलेल्या गोष्टी मुद्दाम केल्या, पण त्या करण्याइतका तो वर्ग त्यानं नीट पचवला होता.

म्हणजे एका बाजूला आर्ट स्कूल, दुसऱ्या बाजूला गॅरेज. एलएसडी त्या काळाच्या हवेत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण द्रव्य घेतलेल्या हजारो लोकांपैकी पोस्टर किंवा टाकी रंगवता आली ती ज्यांच्या हाताला आधीच वळण होतं त्यांना.

रंगाचे हात

आता दुसरं चित्र. १९७० च्या दशकातल्या चॉपरची टाकी. मूळ रंग गडद लाल, त्यावर खवल्यांच्या रांगा, कडेला सोनेरी रेघ. ही टाकी कशी तयार होते ते थोडं सविस्तर सांगते, कारण समीक्षेची किल्ली इथेच आहे.

मराठीत रंगाच्या थराला आपण 'हात' म्हणतो. भिंतीला दोन हात दिले, दाराला तिसरा हात द्यायचाय. हा शब्द मला फार आवडतो, कारण थर म्हणजे कुणाचा तरी हात, हे तो विसरू देत नाही. या टाकीवर किती हात आहेत ते मोजा.

आधी जुना रंग काढून पत्रा उघडा करायचा. खळगे पुट्टीनं भरायचे, घासायचे, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचा. मग चंदेरी किंवा सोनेरी रंगाचा तळ. त्यावर 'कँडी'. कँडी म्हणजे पारदर्शक रंग, साखरेच्या पाकासारखा. उजेड त्याच्यातून आत जातो, खालच्या चंदेरी थरावर आपटून परत येतो, आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. 'कँडी ॲपल रेड' रुजवण्याचं श्रेय कॅलिफोर्नियाच्या जो बेलॉनला देतात. हे १९५० च्या दशकातलं काम. कँडीचा प्रत्येक हात रंग आणखी गडद करतो. स्प्रे गनचा एक फेरा दुसऱ्यावर कमी-जास्त चढला की तिथे पट्टा उमटतो. आणि ओरखडा पडला तर तेवढ्यापुरतं बुजवता येत नाही, कारण तेवढीच जागा वेगळ्या छटेची दिसते. कँडीला रफू नाही. चुकलं की सगळं पहिल्यापासून.

मग चमक. १९६० च्या सुमारास 'मेटलफ्लेक' बाजारात आली. बनवणारी कंपनी क्लीव्हलँडची डोबेकमन. याच कंपनीचा आधीचा प्रसिद्ध माल कोणता? 'ल्युरेक्स', कापडात विणायचा चमकता धागा. साड्यांत खऱ्या जरीच्या जागी जो स्वस्तातला चमकता धागा दिसतो, त्याच जातीचा. म्हणजे ज्या टाकीला आपण बंडखोर पुरुषांची खूण समजतो, तिची चमक कापडाच्या धंद्यातून आली आहे. ही कणी पत्र्यावर उभी-आडवी बसते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून तिच्यावर क्लिअर लॅकरचे हातावर हात द्यावे लागतात, ती पूर्ण बुडेपर्यंत.

मग नक्षी. लेसचं कापड टाकीवर ताणून बसवायचं आणि वरून रंग फवारायचा. कापड उचललं की जाळी उमटते. शिवणाच्या दुकानातली लेस, हाच स्टेन्सिल. खवल्यांसाठी पुठ्ठ्याची गोल कड कापून घ्यायची, एक कमान धरायची, तिच्या कडेला हलका फवारा, पुठ्ठा सरकवायचा, पुढची कमान. एक रांग झाली की दुसरी तिच्या फटींत बसवायची. टाकी गोलसर असल्यामुळे रांगा पुढे निमुळत्या होत जातात, आणि हे गणित पुठ्ठा सांगत नाही, डोळ्यांनीच करावं लागतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू हवे असतील तर घट्ट लॅकर गनमधून तारेसारखं उडवायचं. ते कुठे पडेल हे ठरवता येत नाही, कुठे थांबायचं एवढंच ठरवता येतं.

टाकीच्या दोन्ही बाजूंना सारखी नक्षी हवी असेल तर आकृती कागदावर काढून तिच्या रेघांवर बारीक भोकं पाडतात, कागद टाकीवर धरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटतात, आणि मग कागद उलटून दुसऱ्या बाजूला तसंच. दिवाळीत भोकाभोकांच्या कागदावरून रांगोळीचे ठिपके काढलेत ना? तीच युक्ती.

शेवटी पुन्हा क्लिअरचे हात, वॉटर पेपरनं पाण्यात घासणं, पुन्हा क्लिअर, पुन्हा घासणं, पॉलिश. कसोटी सोपी आहे. डोळे मिटून टाकीवरून बोट फिरवायचं. जिथे नक्षीची कडा बोटाला लागेल, तिथे काम अपुरं आहे. इतके रंग, इतके मुखवटे, आणि बोटाला मात्र काचेसारखं सपाट.

आता सांगा, यात गुंगीला जागा कुठे आहे?

टाकी वाचायची कशी

पोस्टर आणि टाकी यांची नक्षी सारखी दिसते, पण ती वेगळी वागते. पोस्टर खांबावर चिकटलेलं असतं आणि आपण त्याच्यापाशी थांबतो. त्याची न वाचता येणारी अक्षरं आपल्याला थांबवतात, हीच त्याची खेळी. मोटरसायकल दोन क्षणांत समोरून निघून जाते. तेव्हा आपल्याला अक्षर दिसत नाही, नक्षीही दिसत नाही. रंगाचा एक गोळा आणि एक चमक दिसते. मग ती चहाच्या टपरीपाशी उभी राहते, आणि आपण जवळ जाऊन वाकून बघतो. म्हणजे टाकीला दोन अंतरांवर बोलावं लागतं. लांबून एक ठसठशीत रंग, जवळून खोली. चांगल्या टाकीत हे दोन्ही असतं. वाईट टाकी लांबून चिखल दिसते, कारण सगळे रंग एकमेकांत मिसळून करडे होतात. किंवा जवळून पोकळ दिसते, कारण छापलेल्या चित्राखाली काहीच नसतं.

दुसरी गोष्ट आकाराची. त्या काळातल्या चॉपरवाल्यांची आवडती 'पीनट' टाकी जेमतेम आठ-नऊ लिटरची. वर झाकण, खाली इंजिनाची उष्णता, मागे बसणाऱ्याचे गुडघे. रंगाऱ्यानं हे सगळं लक्षात घेतलंय का, ते बघायचं. नक्षी टाकीच्या वळणाबरोबर वाहते, की वळणावर तिला ओढून-ताणून चिकटवलंय? झाकणाचं वर्तुळ रचनेत घेतलंय, की फुलाच्या मधोमध झाकण येऊन फूल मेलंय? लॅरी वॉटसनसारख्या रंगाऱ्यांनी १९५० च्या दशकात मोटारींवर 'पॅनेल' रंगवायला सुरुवात केली, त्यातली हुशारी हीच होती. पत्र्याच्या प्रत्येक घडीचा आकार त्यांनी रंगानं अधोरेखित केला. गाडीचा आकार लपवायचा नाही, तो मोठ्यानं बोलायला लावायचा.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. सायकेडेलिक म्हटलं की सगळं भरून टाकायचं, असा समज आहे. चांगले रंगारी तसं करत नाहीत. खवल्यांची एक रांग, तिच्या बाजूला निव्वळ कँडीचा शांत पट्टा, मग लेसचा तुकडा. गवयानं तान घेतल्यावर समेला यावं लागतं, तसं डोळ्याला टेकायला जागा लागते. आजच्या रेट्रो कामांत सर्वांत आधी गहाळ होते ती ही जागा. ग्राहकाला पैसे वसूल झालेले दिसायला हवे असतात ना!

नक्कल आणि रियाज

आता 'रेट्रो'कडे येते. मी नक्कलेच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे गाणं नकलेतूनच शिकतात. गुरूची तान शिष्य शंभरदा घेतो, आणि त्यातून कधीतरी त्याची स्वतःची तान निघते. प्रश्न इतकाच, की नक्कल कशाची?

एक उदाहरण देते, मोटारीचं आहे, पण इथे चपखल बसतं. १९६८ मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिननं वापरलेली पोर्शे ३५६ घेतली आणि तिच्याबरोबर दौऱ्यांवर काम करणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सला ५०० डॉलर देऊन ती रंगवून घेतली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध सायकेडेलिक गाड्यांपैकी ही एक. एकदा ती चोरीला गेली. ओळख पटू नये म्हणून चोरानं वरून करडा रंग फवारला. गाडी सापडल्यावर तो करडा रंग काढून टाकता आला, कारण रिचर्ड्सनं चित्रावर क्लिअरचे हात दिलेले होते. बघा, चित्र वाचवलं ते चित्राच्या कल्पनेनं नाही, वरच्या न दिसणाऱ्या थरानं.

जॉप्लिन १९७० मध्ये गेली. पुढे रंग उडायला लागला तेव्हा घरच्यांनी ती गाडी तिच्या मूळ करड्या रंगात नेली. मग १९९० च्या दशकात जुने फोटो समोर ठेवून चित्र पुन्हा रंगवून घेतलं. २०१५ मध्ये लिलावात या गाडीला १७ लाख ६० हजार डॉलर मिळाले. म्हणजे लोक ज्या गाडीसमोर हात जोडून उभे राहतात, तिच्यावरचा रंग १९६८ चा नाहीच. ती नक्कल आहे. मी तिला खोटी म्हणणार नाही, कारण ती ब्रश हातात धरून, एकेक आकार समजून घेऊन केलेली आहे. पण एक फरक राहतोच. रिचर्ड्सला पुढचा आकार कोणता काढायचा हे ठरवायचं होतं. नक्कल करणाऱ्यांना तो कसा होता हे शोधायचं होतं. पहिल्या कामात धोका होता, दुसऱ्यात निष्ठा.

आता कारखान्याचं उदाहरण. २०१२ मध्ये हार्ले-डेव्हिडसननं 'सेव्हन्टी-टू' नावाचं मॉडेल काढलं. लाल, मोठ्या कणीचा फ्लेक, बारीक रेघा, लहान टाकी, उंच हँडल. नाव कशावरून? पूर्व लॉस एंजेलिसमधला व्हिटियर बुलेव्हार्ड, त्या राज्यमार्गाचा क्रमांक ७२. हा रस्ता मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांच्या 'लोरायडर' गाड्यांचा. 'जिप्सी रोझ' ही गुलाबांनी मढवलेली १९६४ ची इम्पाला इथलीच. ती जेसी व्हलाडेझची, आणि रंग वॉल्ट प्रेचा. सेव्हन्टी-टूचा रंग कारखान्यातला असला तरी कामचुकार नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. पण एकासारखी एक अशी दुसरी टाकी असू नये, हा ज्या परंपरेचा पहिला नियम, तिचा पोशाख करून एकासारख्या एक टाक्या निघाल्या. रस्त्याचं नाव मॉडेलला मिळालं, रंगाऱ्यांचं मिळालं नाही.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे छापील स्टिकर, ज्याला रॅप म्हणतात. संगणकावर लेस, खवले, फ्लेक सगळं 'दिसतं'. पण फ्लेकचा फोटो चमकत नाही. उजेड त्याच्या आत जात नाही, कारण आत जायला काही नाही. तुम्ही डोकं हलवलंत तरी तो तसाच. खरी टाकी तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की बदलते. ज्या शैलीचं सगळं बळ उजेडाच्या खोलीत आहे, तिची सपाट प्रत काढणं म्हणजे आमटीच्या फोटोबरोबर भात खाणं. (हशा)

नावं कुठे गेली

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. चॉपर म्हटलं की सगळ्या जगाला १९६९ चा 'ईझी रायडर' आठवतो. पीटर फोंडा, डेनिस हॉपर, आणि टाकीवर अमेरिकेचा झेंडा असलेली ती 'कॅप्टन अमेरिका' मोटरसायकल. त्या गाड्या बनवण्यामागे क्लिफ व्हॉन्स आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. त्यांचं काम लोकांसमोर यायला कित्येक दशकं गेली. स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून जी गाडी जगभर पोस्टरांवर लागली, ती घडवणाऱ्यांना त्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत जागा मिळाली नाही.

रेट्रो म्हणजे आठवण, आणि आठवण निवड करते. तिला स्वार आठवतो, वारा आठवतो, गाणी आठवतात. गॅरेजमध्ये पाण्यात हात बुडवून रात्री अकराला वॉटर पेपर घासणारा माणूस आठवत नाही. आणि 'सायकेडेलिक' हा शब्दच या विसराळूपणाला मदत करतो. चित्र द्रव्यातून आलं म्हटलं की ते कुणी कमावलं, हा प्रश्न उरत नाही.

हे सगळं परक्या देशाचं आहे, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या गॅरेजमध्ये गाडीच्या रंगाला आजही 'ड्युको' म्हणतात. ते ड्यूपॉन्ट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या लॅकरचं नाव. लॅकर बदलून जमाना झाला, पीयू आला, नाव टिकलं. ज्या नक्षीला जग 'पेसली' म्हणतं, जी बायकरच्या डोक्यावरच्या रुमालावर असते आणि तिथून टाकीवर येते, ती आपली कोयरी. काश्मीरच्या शालींवरून ती स्कॉटलंडच्या पेसली गावात गेली, तिथल्या मागांवर निघाली, आणि गावाचं नाव घेऊन जगभर फिरली. विणकराचं नाव तिथेही हरवलंच. आणि गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी आले. त्यांच्यामागून झगझगीत रंगांची ही दृश्यभाषा आली आणि टी-शर्टांवर, पडद्यांवर स्थिरावली. आपल्यापैकी बऱ्याच जणांना सायकेडेलिक ठाऊक आहे ते तिथलं.

आणि बुलेट! तिच्या टाकीवरची सोनेरी रेघ वर्षानुवर्षं हातानं मारली जात आली आहे. श्वास रोखून, एका झटक्यात, वळणासकट. व्हॉन डचच्या रेघेइतकीच ती अवघड. बुलेटवर अभिमानानं बसणाऱ्या किती जणांनी ती रेघ कोण मारतं, असं विचारलंय? चित्रपटांचे भव्य बॅनर रंगवणारे आपले पेंटर फ्लेक्स आल्यावर कुठे गेले, हे तरी आपण कुठे विचारलं?

म्हणून शेवटी एक साधी सूचना करते. कुणी टाकी रंगवून घेत असाल तर रंगाऱ्याला जुना फोटो जरूर दाखवा, पण 'असंच करा' म्हणू नका. हे कसं केलंय, असं विचारा. त्याला त्यातलं काय येतं, काय करून बघायचंय, ते ऐका. आधी एखाद्या जुन्या मडगार्डवर करून बघायला वेळ आणि पैसे द्या. आणि काम झालं की त्याला सही करायला सांगा. टाकीच्या खाली, सीटजवळ, कुठेही. चित्राला सही असते.

प्रश्नोत्तरं

*श्रोत्यांमधून प्रश्न: जुनं लॅकर वापरलं तरच काम अस्सल, असं तुमचं म्हणणं आहे का?*

अजिबात नाही, आणि हा प्रश्न आला ते बरं झालं. हाताची आठवण काढायची तर त्या माणसाच्या छातीचीही काढली पाहिजे. जुन्या लॅकरच्या वाफांत त्या पिढीनं उघड्या तोंडानं कामं केली. आजच्या दोन घटक मिसळायच्या पीयू क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा जडला की थोडासा वासही पुरतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, साधा कापडी मास्कही चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त जागा लागते. घराच्या बाल्कनीत तर हा प्रयोग करूच नका. तेव्हा पद्धत शिकायची ती थरांची, उजेडाची, संयमाची. विषाची नाही. रंगारी स्वस्तात करून देतो म्हणाला तर तो कशावर वाचवतोय, तेही बघा. बहुतेक वेळा स्वतःच्या फुप्फुसावर वाचवत असतो.

*दुसरा प्रश्न: आपल्याकडे अशी मोटरसायकल रस्त्यावर आणता येते का?*

आपल्याकडे गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, आणि तो बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. रंगवण्याआधीच चौकशी करा, नंतर नको. आता रंगाच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न त्या कारकुनाचा. (हशा) पण खरं सांगू, मला तो रकाना आवडतो. 'लाल' लिहिलं तर खालचा चंदेरी हात गेला, 'चंदेरी' लिहिलं तर वरचे सहा हात गेले. या टाकीचा रंग एका शब्दात मावत नाही, हे निदान सरकारदरबारी तरी नोंदलं जाईल.